आधी ओढा, मग रस्ता, मग प्लॉट

वाचकांचे प्रश्न

या वेळी अकरा पत्रं आली, त्यांतल्या सातांसोबत नकाशे होते. दोन वहीच्या पानावर पेनाने काढलेले, एक लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर. मला हेच तीन आवडले, कारण त्यांत विहीर, आंब्याचं झाड आणि शेजाऱ्याचा गोठा होता. संगणकावर रंगवून आलेल्या चारांत यातलं काहीच नव्हतं. नुसते हिरवे-पिवळे चौकोन, आणि दोघांवर तर उत्तर दिशासुद्धा नाही.

मी सांगलीत ३१ वर्षं ले-आऊट, म्हणजे जमिनीत रस्ते आणि प्लॉट पाडायचे नकाशे, काढले. सुरुवात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ट्रेसिंग करण्यापासून झाली. अमोनिया प्रिंटच्या वासाने डोळे चुरचुरायचे ते दिवस. नंतर स्वतःचं टेबल मांडलं. एवढ्या वर्षांत प्लॉट किती पडतील हे मला शेकडो लोकांनी विचारलं. पाणी कुठे जाईल, हे आपणहून विचारणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. सगळ्यांची उत्तरं इथे मावणार नाहीत, सहा पत्रं घेते.

प्रश्न : आम्हा तिघा भावांची ३ एकर ३८ गुंठे जमीन आहे. पाणंदीला ८० मीटर तोंड, आत २०० मीटर लांबी, खाली हद्दीवर ओढा. द्राक्षबाग काढली, आता प्लॉटिंग करायचं ठरतंय. एका एजंटाने ३० बाय ४० फुटांचे १०४ प्लॉट बसवून दिले, रस्ते २० फुटी. म्हणतो, पुढे नियमित होतंच. दुसरा म्हणतो ७० च्या वर जाणार नाहीत. ३४ प्लॉटांचा फरक येतोच कसा?
— शेतकरी वाचक, तासगाव तालुका

उत्तर : दादा, तुम्ही पहिल्या एजंटाचा नकाशा पाठवलात हे फार बरं केलंत. मी तो पट्टी लावून मोजला. त्याने ८० मीटरच्या रुंदीत प्लॉटच्या पाच ओळी आणि तीन रस्ते कोंबले आहेत. एका ओळीत २१ प्लॉट, पाच ओळींचे १०५. एक प्लॉट मंदिराला सोडलाय, म्हणून १०४. वरच्या पाणंदीपासून खालच्या ओढ्यापर्यंत तिन्ही रस्ते सरळ खाली गेलेत आणि त्यांना जोडणारा एकही आडवा रस्ता नाही. शेवटच्या घराला शेजारच्या गल्लीत वाटीभर साखर मागायला जायचं तर पार पाणंदीपर्यंत वर चढून परत खाली यायचं, म्हणजे ४०० मीटर. ओळी बसवून तळाशी जी आठ मीटरची चिंधी उरली, तिच्यावर 'बगीचा' लिहिलंय. तो बगीचा नव्हे, ओढ्याचा काठ आहे. पावसाळ्यात तिथे बेडकं राहतात.

आता हिशेब. सध्या मुंबई वगैरे काही भाग सोडले तर राज्यभर डिसेंबर २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली चालते. तिच्यात ले-आऊटमधला रस्ता निदान ९ मीटरचा, म्हणजे ३० फुटी, लागतो, लांबी वाढली की रुंदीही वाढवावी लागते. जमीन ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठी असेल तर १० टक्के खुली जागा सोडावी लागते. तुमची जमीन १६,००० चौरस मीटर भरते. म्हणजे १,६०० चौरस मीटर खुली जागा, आणि ती सुद्धा पोरांना खेळता येईल अशी.

मी काय केलं ते सांगते. एक रस्ता १२ मीटरचा, एक ९ मीटरचा, दोन्ही पाणंदीपासून खाली जाणारे. मधोमध ९ मीटरचा आडवा रस्ता, तो दोन्ही बाजूंच्या बांधांपर्यंत नेऊन उघडा सोडलेला. आणि ओढ्याच्या काठाने आणखी एक ९ मीटरचा, खाली दोन्ही रस्त्यांना जोडणारा. ८० मीटरमधून २१ मीटर रस्त्यांना गेले, राहिले ५९. त्यांत चार ओळी, प्रत्येक पावणेपंधरा मीटर खोल, म्हणजे ४८ फूट. सगळे रस्ते मिळून ५,२६० च्या आसपास चौरस मीटर, जमिनीच्या एक तृतीयांश. खुली जागा १० टक्के. उरलेल्या ५७ टक्क्यांत ३० बाय ४८ चे ६७ प्लॉट. दुसऱ्या एजंटाचा आकडा खोटा नाही.

एक गोष्ट मला शिकायला दहा वर्षं लागली, ती तुम्हाला फुकट सांगते. रस्त्यात किती टक्के जमीन जाते ते प्लॉटच्या खोलीवर, म्हणजे रस्त्यापासून आतल्या लांबीवर ठरतं, तोंडाच्या रुंदीवर नाही. ९ मीटरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी प्लॉट असतील तर समोरचा साडेचार मीटर रस्ता प्रत्येक प्लॉटच्या वाट्याला येतो. प्लॉट १२ मीटर खोल असेल तर शंभरातले २७ रस्त्यात गेले, १५ मीटर असेल तर २३, १८ असेल तर २०. तोंड ३० फूट ठेवा नाहीतर ४०, या टक्क्यांना फरक पडत नाही. तोंडाचा फरक पडतो खर्चात. शंभर मीटर रस्त्याचं डांबर, गटर, पाण्याची पाइप आणि विजेचे खांब ३० फुटी तोंडाच्या २२ प्लॉटांत वाटले जातात, ४० फुटी तोंडाच्या १६ प्लॉटांतच. म्हणून अरुंद आणि खोल प्लॉट मालकाला परवडतो, रुंद आणि उथळ प्लॉट घेणाऱ्याला आवडतो. नकाशा या दोघांच्या मध्ये कुठेतरी थांबतो.

ओढ्याकाठचा रस्ता पाहून तुमचा धाकटा भाऊ म्हणेल, एकाच बाजूला प्लॉट असलेला रस्ता म्हणजे पैसे पाण्यात. एरवी मीही तेच म्हणते. एजंटाच्या तिसऱ्या रस्त्याला मी त्याच कारणाने लाल रेघ मारली. पण ओढ्याकडे घरांची पाठ गेली की दहा वर्षांत तो ओढा राहत नाही. पहिल्यांदा भिंत सरकते, मग राडारोडा पडतो, मग कुणाचं तरी न्हाणीघर येतं. घरांची तोंडं त्याच्याकडे असली तर दहा जोडी डोळे रोज त्याच्यावर असतात. शिवाय ओढा साफ करायला जेसीबी उतरवायचा तर जागा लागते. हे चार-पाच प्लॉटांचं नुकसान सोसा.

राहिली २० फुटी रस्त्याची आणि 'पुढे नियमित होतंच' या वाक्याची गोष्ट. मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने पाडलेले प्लॉट म्हणजे गुंठेवारी, ती नियमित करायचा कायदा २००१ चा. त्यात आधी १ जानेवारी २००१ पूर्वीची गुंठेवारी धरली होती, २०२१ च्या दुरुस्तीने ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. तुमचे प्लॉट त्यानंतरचे. आणि ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवर आठपेक्षा जास्त प्लॉट विकायचे तर जाहिरातीच्या आधी रेराची, म्हणजे घर-प्लॉट विक्रीवर लक्ष ठेवणाऱ्या प्राधिकरणाची, नोंदणी लागते. या गोष्टी तुमच्या एजंटाला माहीत नाहीत असं मला वाटत नाही.

प्रश्न : आमचं घर गल्लीच्या अगदी टोकाला आहे, पुढे भिंत. घेताना वाटलं, बरं झालं, गाड्यांची वर्दळ नाही. पण दर पावसाळ्यात अख्ख्या गल्लीचं पाणी आमच्या दारात येऊन थांबतं. उंबऱ्याला दोनदा विटा रचल्या. शेजारी म्हणतात, तुमचं जोतंच खाली आहे. चूक आमची का?
— गृहिणी, मिरज

उत्तर : ताई, तुमचं जोतं तुमच्या गल्लीच्या उतारापुढे काय करणार? राष्ट्रीय इमारत संहितेत बंद टोकाच्या रस्त्याबद्दल एक छोटं कलम आहे. गल्लीचं बंद टोक तिच्या सुरुवातीपेक्षा उंच पाहिजे, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. म्हणजे पाणी टोकाकडून मोठ्या रस्त्याकडे वाहायला हवं. त्याच कलमात असंही आहे की, अशी गल्ली १५० मीटरच्या पुढे न्यायची तर तिथे गाडी वळवायला जागा द्यायची, २७५ च्या पुढे न्यायचीच नाही, आणि वळायची जागा ८१ चौरस मीटरपेक्षा लहान नको, कुठल्याही बाजूने ९ मीटरपेक्षा कमी नको. घंटागाडी, पाण्याचा टँकर, बंब, सगळ्यांना उलटं फिरता आलं पाहिजे हा त्यातला अर्थ.

मला हे कलम पाठ आहे, कारण ते एकदा माझ्या हातून मोडलं. १९९६ साली दोन एकरांचा एक ले-आऊट केला. मालकाला घाई होती, मला पैशांची गरज होती. मोजणीची 'क' प्रत, म्हणजे जमिनीच्या मोजणीचा सरकारी नकाशा, समोर घेतली आणि टेबलावरच गल्ली आखली. कागदावर जमीन सपाटच असते. प्रत्यक्षात टोकाची बाजू मोठ्या रस्त्यापेक्षा दीड हात खाली होती, पूर्वी तिकडे ताल, म्हणजे माती अडवणारा बांध, होती आणि पाणी शेवटी एका चरात उतरायचं. चर बुजवून तिथे दोन प्लॉट पाडले. मंजुरी मिळाली, कुणी काही म्हटलं नाही. २००५ च्या पावसात नदी तिथपर्यंत आलीच नव्हती, तरी त्या दोन घरांत गुडघाभर पाणी होतं, आमच्याच गल्लीचं. मी बघायला गेले. घरातल्या आजींनी ओळख विचारली, मी सांगितली. त्यांनी मला चहा दिला आणि पलंगाच्या पायांवरची पाण्याची रेघ दाखवली. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेव्हापासून माझ्या पिशवीत गवंड्याची लेव्हल नळी असते, पाणी भरलेली, २० मीटर लांब. नकाशा आखायच्या आधी बांधाबांधाने फिरून चार टोकांची उंची घेते. कॉन्टूर सर्व्हे, म्हणजे जमिनीच्या चढ-उताराची मोजणी, चांगलाच, पण दोन एकरांसाठी लोक तो करून घेत नाहीत, आणि नळीला वीज लागत नाही.

तुमच्यापुरतं सांगायचं तर विटा रचून पाणी शेजारच्या घरात जाईल, दुसरं काही होणार नाही. गल्लीच्या टोकाच्या भिंतीपलीकडे काय आहे ते बघा. पलीकडे जमीन खाली जात असेल तर भिंतीखालून सिमेंटची नळी टाकून पाणी पुढच्या गटराला किंवा ओढ्याला सोडता येईल. त्यासाठी पलीकडच्या मालकाची संमती आणि महापालिकेची परवानगी लागेल, म्हणून गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून अर्ज करा. एकट्या घराच्या अर्जाला टेबल लवकर सापडत नाही. पलीकडे जमीन उंच असेल तर मात्र गल्लीचं गटर उलट्या उताराने खोल करत मोठ्या रस्त्यापर्यंत न्यावं लागेल. खर्चिक आहे, पण तेवढाच उपाय उरतो.

प्रश्न : मी जयसिंगपूरची. आमच्या गावात पत्ता सांगायला गल्ली नंबर पुरतो. मुलाने पुण्याजवळ प्लॉट पाहिलाय, तिथले रस्ते सापासारखे वळलेत. बुकिंगवाला म्हणतो हे परदेशी डिझाइन आहे. जुनं सरळ चांगलं का हे नवं वळणाचं?
— निवृत्त शिक्षिका, जयसिंगपूर

उत्तर : बाई, तुम्ही ज्या गावात राहता ते पाहायला मी आमच्या ऑफिसातल्या नव्या पोरांना मुद्दाम घेऊन यायची. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली वडिलांच्या, जयसिंगराव घाटग्यांच्या नावाने ते वसवलं. मिरज-कोल्हापूर रेल्वे आधीच झाली होती, तिच्यालगत बाजारपेठेचं गाव. सरळ रस्ते, काटकोनात कापणाऱ्या गल्ल्या, आणि गल्लीला नाव नाही, नंबर. शंभर वर्षांत घरं तीनदा बदलली असतील: कौलाची गेली, स्लॅबची आली, आता मजले चढताहेत. गल्ल्या तिथेच आहेत. कोल्हापुरात राजारामपुरीतही तेच. पाचवी गल्ली म्हटलं की रिक्षावाला पुढचं विचारत नाही.

सरळ चौकटीचा खरा फायदा असा की, एक गल्ली खणली तर दुसरीने जाता येतं. लग्नाचा मांडव पडला, पाइप फुटली, काही झालं तरी गाव अडत नाही. पण तिलाही मापं लागतात. दोन आडव्या गल्ल्यांमधलं अंतर फार वाढलं की माणूस चालायचा कंटाळा करतो, फार कमी केलं की चौकच चौक होतात आणि जमीन रस्त्यात जाते. मी स्वतः ९० ते १०० मीटरवर आडवा रस्ता टाकते. बार्सिलोना शहराची वाढ ज्याने आखली त्या सेर्दाने १८५९ मध्ये साधारण ११३ मीटरचे चौकोन धरले, रस्ते २० मीटरचे, आणि प्रत्येक चौकोनाचे चारही कोपरे तिरपे कापले, म्हणजे वळणाऱ्या गाडीला पलीकडचं दिसावं. आपल्याकडे कोपऱ्याच्या प्लॉटचा कोपरा मारतात तो यासाठीच. मालक दर वेळी माझ्याशी यावरून भांडतो, आणि कोपऱ्यावर गाड्या घासतात तेव्हा कॉलनीवाले त्याच्याशी भांडतात.

जुन्याचं सगळंच गोंडस नव्हतं हेही सांगते. अनेक जुन्या वसाहतींत दोन ओळींच्या पाठीमागून एक अरुंद बोळ जायचा, सफाईचा. संडासाचा डबा उचलणाऱ्या माणसाने पुढच्या रस्त्याने येऊ नये, हा त्या बोळाचा हेतू नकाशातच आखलेला असे. ड्रेनेज आल्यावर ते बोळ निरुपयोगी झाले, काही ठिकाणी घरांनी गिळले. मी नव्या ले-आऊटमध्ये मागचा बोळ कधीच काढला नाही.

आता सापासारखे रस्ते. वळणाला कारण असेल तर वळण चांगलं. टेकडीच्या उतारावर समपातळीने फिरणारा रस्ता पाण्याला आणि चढणाऱ्या म्हाताऱ्यांना सोपा पडतो. सपाट रानात वळणं काढली की प्लॉट त्रिकोणी पडतात आणि मोजणीच्या वेळी भावाभावांत भांडणं लागतात. 'परदेशी' म्हणतात ते बहुतेक अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या रॅडबर्न या वसाहतीपासून आलेलं. १९२९ ची गोष्ट. मोटारी वाढल्या म्हणून तिथे घरांच्या एका बाजूला मोटारीच्या छोट्या बंद गल्ल्या दिल्या आणि दुसऱ्या बाजूला बागेतून जाणाऱ्या पायवाटा, म्हणजे मुलांना मोटारींच्या रस्त्यावर न येता शाळेत जाता यावं. पुढे जगभर लोकांनी त्यातल्या बंद गल्ल्या उचलल्या आणि पायवाटा सोडून दिल्या, कारण पायवाट विकता येत नाही. मुलाला सांगा, माहितीपत्रकात वळणं मोजू नकोस, प्लॉटपासून वाण्याच्या दुकानापर्यंत आणि बसथांब्यापर्यंत चालून बघ. घड्याळ लावून.

प्रश्न : आमच्या भावकीच्या लागोपाठ चार पट्ट्या आहेत, प्रत्येकी २० मीटर रुंद, लांबी सारखीच. वाटणी आजोबांच्या काळची. आता चौघांनाही प्लॉटिंग करायचंय पण एकमेकांचं तोंड पाहायचं नाही. प्रत्येकाने आपापलं केलं तर चालेल ना?
— नोकरदार वाचक, कराड

उत्तर : चालेल, जर जमीन रस्त्यातच घालवायची हौस असेल तर. २० मीटरच्या पट्टीत ९ मीटरचा रस्ता घातला की ११ मीटर उरतात, म्हणजे प्लॉटची एकच ओळ. चौघांचे मिळून चार रस्ते, ८० मीटरपैकी ३६ मीटर डांबराखाली. शंभरातले ४५! चौघांनी एकत्र केलं तर दोन रस्ते, १८ मीटर, साडेबावीस टक्के. म्हणजे न बोलण्याची किंमत जमिनीच्या जवळपास पाव हिश्श्याएवढी. गुंठ्याच्या भावाने गुणून बघा आणि मग ठरवा की राग परवडतो का.

हे काही नवं दुखणं नाही. यासाठीच मुंबई इलाख्यात १९१५ साली नगररचनेचा कायदा आला आणि आजच्या १९६६ च्या कायद्यातही नगररचना योजना आहे. वेड्यावाकड्या मूळ तुकड्यांची एकत्र आखणी करायची, रस्ते-बागा काढायच्या आणि प्रत्येकाला त्याच्या हिश्शाप्रमाणे आटोपशीर आकाराचा अंतिम भूखंड परत द्यायचा. पुण्यात डेक्कन, शिवाजीनगर भागातल्या जुन्या बंगल्यांच्या पत्त्यात 'फायनल प्लॉट नंबर' दिसतो ना, तो त्याचाच. सरकारी योजनेची वाट न बघता शेतकऱ्यांनी एकत्र येऊन केल्याचं उदाहरण म्हणजे हडपसरचं मगरपट्टा, सुमारे ४०० एकर.

तुमच्यासाठी एवढं मोठं काही नको. चौघांनी मिळून एकच ले-आऊट मंजूर करून घ्या, प्लॉट क्रमांकाने वाटून घ्या. एकमेकांकडे न पाहता सही करता येते, मी अशा सह्या पाहिल्यात. एका कुटुंबात वकिलाच्या टेबलाच्या दोन बाजूंना दोन पंखे लावायला लागले होते, कारण एकाचा वारा दुसऱ्याला नको होता. ले-आऊट मात्र छान झाला.

प्रश्न : गिऱ्हाईक पूर्वमुखी प्लॉट मागतं. मग सगळे रस्ते दक्षिणोत्तर ठेवले तर?
— प्लॉट व्यावसायिक, इस्लामपूर

उत्तर : मग निम्मे प्लॉट पूर्वमुखी होतील आणि निम्मे पश्चिममुखी. रस्त्याला दोन बाजू असतात. त्या पश्चिममुखी घरांच्या दर्शनी भिंतीवर एप्रिल-मे महिन्यांत दुपारी दोनपासून सहापर्यंत ऊन असतं, आणि मावळतीचं तिरपं ऊन सज्जाने अडत नाही. पूर्व-पश्चिम रस्ता ठेवला तर घरं उत्तरेला आणि दक्षिणेला तोंड करतात. आपल्याकडे हिवाळ्यात दक्षिणेचं ऊन घरात येतं ते हवंसं वाटतं, उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असल्याने दोन फुटांचा सज्जा पुरतो. गिऱ्हाइकाला दक्षिणमुखी म्हटलं की घाम फुटतो हे मला माहीत आहे. त्याचं मन मी बदलू शकले नाही. माझी तडजोड अशी : जमिनीचा उतार सांगेल तिकडे लांब रस्ता, आणि दक्षिणमुखी प्लॉटांचं तोंड फूट-दोन फूट जास्त. ते भावात सांभाळून घ्या.

प्रश्न : प्लॉट पसंत आहे, पण समोरचा रस्ता थेट आमच्या अंगावर येतो. वडील म्हणतात घेऊ नको. खुली जागा शेजारीच आहे, तिथे सगळे मिळून गेट आणि मंदिर बांधणार आहेत, त्यामुळे दोष जातो म्हणे.
— तरुण वाचक, विटा

उत्तर : वडिलांच्या म्हणण्यात शास्त्र किती ते बाजूला ठेवा, अनुभव पुष्कळ आहे. रात्री प्रत्येक गाडीचा दिवा तुमच्या बेडरूममध्ये येईल आणि ब्रेक फेल झालेली एखादी दुचाकी कंपाउंडमध्ये. तरी आम्ही आखणारे असे तिकाटणे, म्हणजे तिठे, मुद्दाम ठेवतो. चौकात गाड्यांचे मार्ग एकमेकांना ३२ ठिकाणी छेदतात किंवा भिडतात, तिकाटण्यावर फक्त ९ ठिकाणी. शिवाय समोर रस्ता संपलेला दिसला की माणूस आपोआप हळू येतो. चूक आहे ती तिकाटण्याच्या टोकाला घर ठेवण्यात. तिथे खुली जागा हवी होती. तुमच्या नकाशात ती शेजारी आहे, म्हणजे आखणाऱ्याने १५ मीटर सरकवली असती तरी जमलं असतं. मंजुरी अजून तात्पुरती असेल तर मालकाला ते सुचवून बघा. अंतिम मंजुरी झाली असेल तर भाव पाडून मागा, कुंपणाला आतून दाट झाडं लावा, आणि झोपायची खोली मागे घ्या.

खुल्या जागेवर मंदिराचा बेत मात्र लांबवा. ती जागा ले-आऊटमधल्या सगळ्या प्लॉटधारकांची असते, मालकाला ती विकता येत नाही आणि चार उत्साही लोकांना परस्पर बांधताही येत नाही. रस्त्यावर गेट लावण्याचंही तसंच. मंजूर ले-आऊटचा रस्ता पुढच्या जमिनीला जोडण्यासाठी असतो, तो पुढे हस्तांतरितही होतो. आज तुम्ही पलीकडच्या शेतकऱ्याला गेटवर अडवाल, पाच वर्षांनी त्याच्याच जमिनीतून तुम्हाला हायवेचा जवळचा रस्ता लागेल.

पुढच्या अंकासाठी नकाशे पाठवणाऱ्यांना विनंती : त्यावर उत्तर दिशा, विहीर, ओढा, विजेची लाइन आणि पाणी कोणत्या बाजूला वाहतं तो बाण, एवढं काढा. प्लॉट काढून पाठवू नका, ते मी बघेन.